तुळसाची कांडी

पालीच्या नाक्यावर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, पंखे, पंपाचे स्टार्टर, कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेला रेडिओ, जे येईल ते मी उघडतो. माणसं येतात आणि म्हणतात, "श्यामभाऊ, चालत नाही हो." काय चालत नाही, कधीपासून, त्याआधी काय केलंत, असं विचारलं की माझ्याच तोंडाकडे बघत राहतात. वायर घरच्या उंदरानं कुरतडलेली असते आणि शिव्या कंपनीला. अशा गिऱ्हाइकांवर मी चिडतो आणि ते सगळ्या नाक्याला माहीत आहे.

तुळसा मात्र तशी नाही. ती आली की बिघाडाची अथपासून इतिपर्यंत हकिगत सांगते. पण सांगते अगदी खालच्या आवाजात, आणि सांगताना पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते. ही बाई घाबरट आहे असं सगळेच म्हणतात. आहेच ती घाबरट. मी तिला ओळखतो तेव्हापासून ती भीत आलेली आहे, आणि कशाला भिते ते कळल्यापासून मी तिला त्यावरून हसलेलो नाही.

हायवेपलीकडे सड्यावर, उघड्या कातळमाळावर, एक सॉ मिल आहे. तिथे आंब्याच्या पेट्यांसाठी फळ्या कापतात, दारं-खिडक्यांचं लाकूड कापतात. पेट्या हल्ली पुठ्ठ्याच्या निघाल्या, तरी लाकडीच हवी म्हणणारे बागायतदार अजून आहेत. तुळसाचा नवरा केरू तिथे मिस्त्री आहे. मोठी करवत चालते ती त्याच्या हातावर. खाली एक चाक, वर एक चाक, आणि त्यांवरून दातेरी पोलादाचा पट्टा फिरत असतो. ओंडका पुढे सरकवायचा आणि पट्टा त्यातून आरपार जातो. लाकडात लोखंड नसेल तोवर सगळं ठीक. एखादा जाडसर खिळा दातांखाली आला की पट्टा तुटतो, आणि त्या वेगात तुटलेला पट्टा कुठे जाईल ते कुणी सांगू शकत नाही.

केरूच्या आधी काशीराम मिस्त्री होता. कुणीतरी कपडे वाळत घालायला फणसाला जाड खिळा मारला होता. फणस वाढला, साल खिळ्यावरून मिटली, वरून काही म्हणता काही दिसेना. पट्टा तुटला आणि काशीरामचा उजवा हात कोपराखाली गेला. तुळसा तेव्हा तिथे भुसा झाडायच्या कामावर होती. काशीरामला टेंपोत घातल्यावर मागे जो लाल भुसा उरला तो तिनंच झाडला.

पुढे करोनात केरूचं मुंबईतलं हॉटेलचं काम सुटलं आणि तो गावी आला. मिलचे मालक विनीतशेठ यांना मिस्त्री हवा होता, केरूला काम हवं होतं. तुळसानं हातापाया पडून सांगितलं, त्या करवतीपुढे उभे राहू नका. केरू शांत माणूस. तो म्हणाला, "लाकूड बगून चालवायचं. तू बग, मी चालवतो." तेव्हापासून मिलचा तसाच रिवाज पडला. ओंडका तुळसा बघते. तिनं "चालवा" म्हटल्याशिवाय केरू खटका दाबत नाही. आणि पट्टा लाकडात शिरला की तुळसा करवतीकडे पाठ करते, मांडवाच्या खांबावर तळवा टेकवते आणि ओंडका पार होईस्तोवर तशीच उभी राहते.

आधी ती कोयत्याच्या पाठीनं ठोकून, सालीवरून हात फिरवून बघायची. मग विनीतशेठनी मुंबईहून पिनपॉइंटर मागवला. वीतभर लांबीचं, टोकाला निमुळतं यंत्र. एअरपोर्टवर अंगावरून फिरवतात त्याच जातीचं, पण नेमकी जागा दाखवणारं. बटण दाबलं की एकदा पीं करून जागं होतं, आणि टोकाजवळ लोखंड आलं की वाजतं, हातात थरथरतं. आत रेडिओत असते तशीच फेराइटची काळी कांडी आणि तिच्यावर तांब्याच्या तारेचे वेढे. तुळसा त्याला कांडी म्हणते. कांडी बोलली, कांडी गप आहे, असं. दोन वर्षं त्या कांडीनं तिला खूप काही दाखवलं. निवडणुकीच्या फलकांचे खिळे, कुंपणाची काटेरी तार, एकदा तर बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेचा तुकडा.

गेल्या थंडीत पट्टा तुटला. ओंडका तुळसानं बघितला होता, कांडी बोलली नव्हती, तिनं "चालवा" म्हटलं होतं. पट्टा केरूच्या कानाजवळून गेला आणि वरच्या पत्र्यात रुतला. केरूला ओरखडाही नाही. त्यानं मशीन बंद केलं, पाणी प्यायला आणि दुसरा पट्टा चढवायला घेतला. तुळसा मात्र कांडी पदरात गुंडाळून तडक माझ्या दुकानात आली. उन्हातून आली होती तरी तिचे दात वाजत होते.

"श्यामभाऊ, हिला काय झालंय ता बगा. आधी उगाच बडबडायची, मग हलू हलू गप झाली. मना वाटलं, शानी झाली."

मी उघडून बघितलं. बॅटरीच्या स्प्रिंगवर हिरवा गंज चढला होता, त्यामुळे पुरेसा करंटच पोचत नव्हता. टोकाला केसाएवढी चीर होती. आमच्या सड्याची माती म्हणजे जांभ्याची, तिच्यात लोखंडच लोखंड. ओंडक्याला ती लागली असली तरी कांडी किणकिणते. म्हणून तुळसा प्रत्येक ओंडका धुऊन घेते, आणि ते पाणी चिरेतून आत गेलं होतं. कॉइलची एक तार सोल्डरच्या डागातून सुटायला आली होती. मी गंज घासून काढला, आतलं पाणी उन्हात सुकवलं, तारेला नवा डाग दिला, चीर एम-सीलनं बुजवली. मग दोन बोटं जाड फळीखाली खिळा ठेवून वरून कांडी फिरवली. खणखणीत बोलली. तुळसानं दोन्ही हातांनी ती घेतली आणि कपाळाला लावली.

असं काम झालं की मला बरं वाटतं. बिघाड होता, सापडला, गेला. पुढचं गिऱ्हाईक.

थोड्याच दिवसांत तुळसा परत दारात. "ती कांडी बोलत नाय ओ. म्हंजे खिळा टेकवला तर बोलते. पन लाकडाच्या आत असला तर गप. काल फळीवर काला डाग निघाला, आत चूक व्हती, टाचनीएवढा खिळा. पट्ट्यानं कापून काढली म्हनून बरं."

लाकडात लोखंड असलं की भोवती काळा-निळा डाग धरतो, हे लाकूडकामातल्या माणसांना ठाऊक असतं. मी कांडी घेतली. फळीखाली खिळा ठेवला. बोलली. फळी जाड केली, तरी बोलली. उलटी केली, आपटली, उन्हात तापवली. काही केल्या चुकेना.

"अगो, हिला काही झालेलं नाही. तुझ्या मनात आहे ते. भित्यापाठी ब्रह्मराक्षस," मी म्हटलं.

ती कांडी घेऊन गेली. आणखी काही दिवसांनी पुन्हा आली, पुन्हा तेच. माझ्या टेबलावर कांडी शहाण्यासारखी वागायची आणि मिलमध्ये बहिरी व्हायची. खरं सांगायचं तर मला तिचा राग यायला लागला होता. तुळसाचा नाही, कांडीचा. दुरुस्त करणाऱ्याला सर्वांत वाईट बिघाड कोणता, तर जो त्याच्यासमोर होतच नाही.

त्या वेळी तिनं कांडी परत घेतली नाही. म्हणाली, "उद्या रायवळ लागायचाय मशीनवर. तुमी सकाळी या. मना भ्या वाटतंय, श्यामभाऊ. कुनाला सांगू?"

हा रायवळ कोणता ते नाक्यावर सगळ्यांना माहीत होतं. आतल्या एका गावाच्या शिवेवर जुना रायवळ आंबा होता, रस्ता रुंद करताना पडला. त्या गावात कुणाला बाधा झाली की भगत ती उतरवायचा आणि त्या झाडात खिळा ठोकून तिथे बांधून टाकायचा. किती पिढ्या हे चाललं होतं देव जाणे. त्यामुळे ते लाकूड कुणी घेईना आणि विनीतशेठना ते जवळजवळ फुकट मिळालं. मिलमधले गडी भुताला भीत होते. तुळसा भुताला भीत नव्हती. तिला फक्त खिळे दिसत होते, सालीच्या आत, पोटात, कुठे ते न कळणारे.

सकाळी मी कांडी घेऊन मिलमध्ये गेलो. काशीराम फाटकावर बसला होता. हात गेल्यावर विनीतशेठनी त्याला राखणीला ठेवलंय. आत रायवळाचा ओंडका धुऊन ट्रॉलीवर चढवलेला, अजून ओला. केरू करवतीपाशी उभा होता. कामाआधी तिथे रोज पूजा होते. करवतीच्या चाकाला हळदकुंकू, जास्वंदीचं फूल, उदबत्ती. आणि ज्याचं जे हत्यार असेल ते त्यानं करवतीच्या लोखंडी टेबलावर आणून ठेवायचं. केरूची पहार, कुऱ्हाड, कानशी, सगळं तिथे ओळीनं मांडलेलं. तुळसानं माझ्याकडून कांडी घेतली, तीही टेबलावर नीट ठेवली, डोळे मिटले आणि तिथेच बटण दाबलं. पीं झालं. तिनं हात जोडले. मी बाजूला उभा राहून चपलेत गेलेला भुसा झाडत होतो. डोळ्यांसमोर घडत होतं आणि मी बघत नव्हतो.

मग ती ओंडक्याकडे वळली. बुंध्यापासून सुरुवात केली. कांडी सालीवर टेकवून अंगुळ अंगुळ पुढे सरकत होती. कांडी गप. तिनं एक फेरी पुरी केली, ट्रॉलीखाली वाकून दुसरी केली. कांडी वाजली असती तर सगळ्यांना कमी भीती वाटली असती.

"नाही ना वाजत?" विनीतशेठ म्हणाले. "झाड तोडणाऱ्यांनी काढले असतील खिळे. घ्या चालवायला."

"माज्या बापानं ठोकलेला एक हाय त्यात," काशीराम फाटकावरून म्हणाला. "मी बारका व्हतो, मी धरला व्हता खिळा. त्यो काय पलून जातोय?" डाव्या हातानं त्यानं विडी झाडली आणि पुन्हा रस्त्याकडे बघत बसला.

केरूनं खटक्यावर हात ठेवला होता. तो विनीतशेठकडे बघत नव्हता, काशीरामकडेही नाही. तुळसाकडे बघत होता.

"सांग," तो म्हणाला. "चालवू?"

आत खिळे नाहीत असं कांडी म्हणत होती, आहेत असं तिचा जीव म्हणत होता, आणि त्यांतलं खरं काय ते तिला ठरवायचं होतं. तिनं नकारार्थी मान हलवली. "थांबा," एवढंच म्हणाली.

मी कांडी तिच्या हातातून घेतली आणि बाहेर भुशाच्या ढिगावर जाऊन बसलो. उघडली. बॅटरी ठीक, स्प्रिंग चकचकीत, तार घट्ट. चडफडत बंद केली, तिथेच बसून बटण दाबलं, आणि उठताना कांडी माझ्या कमरेच्या पट्ट्याच्या बकलाजवळून गेली. ती अशी किंचाळली की मी दचकलो. तसाच आत गेलो आणि ओंडक्यावर टेकवली. बोलली. वीतभर पुढे, पुन्हा बोलली. खाली, वर, फांदी फुटते त्या बेचक्यात, सगळीकडे. एका जागी तर थरथर थांबेचना. गडी मागे सरले. एकानं छातीशी हात जोडले.

"झाली दुरुस्त," मी बंद करून तुळसाच्या हातात दिली. "आता तू तुझ्या हातानं बघ आणि खुणा कर."

तिनं ती घेतली आणि पुन्हा करवतीच्या टेबलाकडे निघाली. पहारीशेजारी ठेवली. बटणावर अंगठा नेला.

आणि तेव्हा मला दिसलं. मी तिचा हात धरला. परक्या बाईचा हात असा धरू नये, पण धरला.

ही यंत्रं जागी होतात तेव्हा भोवताली जे असेल त्याला शून्य धरतात. तराजूत आधीच दगड ठेवून काटा मधोमध आणावा तसं. लाकडाच्या टेबलावर चालू केली तर लाकूड म्हणजे शून्य, मग थोडंसं लोखंडही तिला कळतं. पण एवढ्या मोठ्या लोखंडी टेबलावर, पहारीच्या शेजारी चालू केली, तर तिच्या लेखी लोखंड म्हणजेच काही नाही. मग अगदी टोकाला टेकवलेला खिळा तेवढा कळायचा, लाकडाच्या पोटातला नाही. दुकानात माझं टेबल लाकडी. आग रामेश्वरी आणि मी बंब नेत होतो सोमेश्वरी.

मी तिला भुशाच्या ढिगामागे नेऊन हे सांगितलं. आधी कांडी पूजेत ठेवायचीस का, असं विचारलं. नव्हती ठेवत. इलेक्ट्रिकची वस्तू म्हणून फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवायची.

"मग पट्टा तुटला," ती म्हणाली. "मना वाटलं, सगल्या हत्यारांना देवाच्या पाया पाडतो, हिलाच नाय. म्हनून ती रुसली. त्या दिसापासून मी तिला देवाच्या पायाशीच जागी करते. एक दिस चुकवला नाय."

ती हिशोब करत होती आणि तो तिच्या चेहऱ्यावर दिसत होता. त्या दिवसापासून किती ओंडके गेले असतील. प्रत्येक ओंडका तिनं बघितला होता, प्रत्येकाला तिनं "चालवा" म्हटलं होतं, आणि केरू प्रत्येक वेळी बहिऱ्या कांडीच्या भरवशावर त्या पट्ट्यापुढे उभा राहिला होता. भीतीपोटी तिनं एकही दिवस चुकवला नाही, आणि म्हणूनच एकही दिवस केरू सुरक्षित नव्हता. तुळसा भुशात मटकन खाली बसली. रडली नाही. तिनं दोन्ही हातांनी भुसा धरून ठेवला होता.

मग म्हणाली, "ह्येंना सांगू नका."

"अगो, पण त्याला कळायला नको?"

"नको. मिस्त्रीचा हात भ्याला की चुकतो. काशीरामभावजींचा भाऊ दुसऱ्या मिलवर मिस्त्री व्हता, भावाचं बगून भ्याला आनि तसाच गेला. ह्ये भीत नाय म्हनून धड हायेत. भ्यायचं काम माजं. ता मी करते."

मग ती उठली, लुगड्याचा भुसा झाडला, कांडी ढिगावरच चालू केली आणि आत गेली. प्रत्येक जागी खडूनं फुली मारली. ओंडका फुल्यांनी भरला. केरूनं पटाशीनं लाकूड कोरून एकेक खिळा उपसला. काही चौकोनी, लोहाराच्या घणाचे. एकाला कुजलेलं तांबडं फडकं अजून चिकटलेलं होतं. त्या खिळ्याला गडी हात लावेनात. तुळसानं उचलला आणि बाकीच्यांबरोबर डब्यात टाकला. त्यातला काशीरामच्या बापाचा कोणता ते काशीरामलाही ओळखता आलं नाही.

पुन्हा सगळा ओंडका बघून झाला. कांडी गप. आता ते गप्प बसणं खरं होतं, हे मी शपथेवर सांगितलं असतं. तरी केरूनं "चालवू?" विचारलं तेव्हा तिनं एकदा माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मान हलवताना मला कळलं की हे मान हलवणं काय असतं. चुकलं तर एक माणूस जातो.

"चालवा," ती म्हणाली आणि पाठ फिरवून खांबावर हात ठेवला.

पट्टा लाकडात शिरला. मी करवतीकडे बघूच शकलो नाही, मी तिच्या हाताकडे बघत होतो. बोटांची पेरं पांढरी पडली होती. खिळ्यांच्या जागा आल्या की आवाज जरा बदलायचा, आणि दर वेळी तिचे डोळे मिटायचे. शेवटी ओंडका पार झाला. फळ्या पडल्या, त्यांवर सगळीकडे काळे डाग, आणि मधे मधे भोकं. केरूनं घाम पुसला आणि म्हणाला, "चांगलं बगितलंस." तुळसानं खांबावरचा हात काढला तेव्हा तिथे ओला ठसा होता.

पूजा अजून रोज होते. पण आता तुळसा कांडी आधी बाहेर भुशावर चालू करते आणि मग पूजेला नेते. टेबलाजवळ नेली की ती जोरात किंचाळते, गडी हसतात, की कांडीला देव दिसला. केरूनं विचारलं होतं, हे नवं काय? तिनं सांगितलं, श्यामभाऊ म्हणतात, उघड्यावर चालू केली की बॅटरी टिकते. केरूनं मलाही एकदा विचारलं. मी हो म्हटलं.

माझ्या दुकानात ती करवत ऐकू येते. इतकी वर्षं येतच होती, पण मी ऐकत नव्हतो. आता सोल्डरिंग करताना मधेच तिचा आवाज तुटला की माझा हात थांबतो. गिऱ्हाईक विचारत असतं, किती वेळ लागेल हो श्यामभाऊ. आवाज पुन्हा सुरू होईपर्यंत मी त्याला उत्तर देत नाही.